धंदा वाढला म्हणून शिडाची बोटही मोठी हवी का?

ठाण्याच्या एका उद्योजक वाचकाचं पत्र आहे. वय ४७. सहा वर्षांपूर्वी घेतलेली २४ फुटी जुनी शिडाची बोट गेटवेपाशी मूरिंगवर, म्हणजे पाण्यात बोट बांधून ठेवायच्या जागी, असते. आता धंदा वाढला, क्लबातले मित्र म्हणतात, “तुमच्या नावाला ही शोभत नाही.” म्हणून जीएसटीसह १ कोटी २० लाखांची ३४ फुटी नवी बोट घ्यायची. त्यातले ५० लाख एफडी आणि मुलीच्या शिक्षणाचे फंड मोडून, ७० लाख घर तारण ठेवून, १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी.

नमस्कार. माझं उत्तर ‘नको’ असं आहे.

हप्ता साधारण ९२,५०० रुपये बसेल. रंगरंगोटी, शिडं, दोरखंड, विमा, मूरिंग, खलाशाचा पगार यांसाठी मी वर्षाला किमतीच्या दहा टक्के धरतो, म्हणजे महिना एक लाख. तुमची महिन्याची शिल्लक १ लाख ६० हजार. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून ३२ हजारांची ओढाताण, आणि मुलगी अकरावीत. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा बोटींवर ४० टक्के जीएसटी आहे. तुमच्या १ कोटी २० लाखांतले सुमारे ३४ लाख निव्वळ कर आहेत. विकताना ते कोणी भरून देणार नाही. कंपनीच्या नावावर घेऊन या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे कंपनीच्या इतर जीएसटीतून वजावट, मिळेल असं तुमच्या मित्रांनी सांगितलंय, तेही खरं नाही. स्वतःच्या आणि पाहुण्यांच्या फेरफटक्यासाठीच्या बोटीवर कायद्याने ते मिळत नाही.

पण मला आकड्यांपेक्षा तुमच्या लॉगबुकचा फोटो महत्त्वाचा वाटला. मागच्या हंगामात ऑक्टोबर ते मे तुम्ही १४ वेळा बाहेर पडलात. त्यातल्या ११ नोंदींत सोबतीला फक्त मुलगी आहे, आणि एका पानावर तिच्याच अक्षरात ‘मांडव्यापर्यंत सुकाणू माझ्याकडे’ असं लिहिलंय. ग्राहक आले दोनदा. दोघांत हाताळता येते म्हणून ही बोट एवढी बाहेर पडते. ३४ फुटीला तुम्हाला दर वेळी माणसं जमवावी लागतील, आणि पावसाळ्यात चार महिने ती किनाऱ्यावर शाकारून ठेवली तरी हप्ता चालूच.

प्रतिष्ठेची इच्छा चुकीची नाही. शून्यातून धंदा उभा केलात, तो लोकांना दिसावा असं वाटणारच. पण तुमची ऐपत दाखवायला मुलीच्या शिक्षणाचे पैसे आणि राहतं घर पणाला लावू नका. पाण्यावर माणसाची किंमत शीड वेळेत आवरता येतं का, यावरून होते. ससून डॉकवरच्या कुठल्याही तांडेलाला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, विचारा.

तुम्हीच लिहिलंय की मुख्य शिडाची शिवण दोन ठिकाणी उसवलीय आणि डोलकाठीच्या तारा जुन्या झाल्यात. तारांचं काम आधी करा, तो सुरक्षेचा प्रश्न आहे. मग नवी शिडं, तळाचा रंग, गाद्या. चार-पाच लाखांत बोट देखणी होईल, आणि ते शिलकीतून तीन-चार महिन्यांत निघतील. ग्राहकांना न्यायचं असेल त्या दोन दिवसांपुरती मोठी बोट भाड्याने घ्या.

फंडाला हात लावू नका. शिडं शिवणाऱ्याचं कोटेशन आलं की मला पाठवा, कुठला खर्च मेअखेर बोट वर काढताना करायचा आणि कुठला आत्ता, ते बसून ठरवू.