सिझरनंतर सीआरपी 92: दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू का?

प्रश्न : परवा लेकीचं सिझर झालं. काल रक्त तपासलं, तर सीआरपी 92 आणि पांढऱ्या पेशी 15,000. दोन्ही आकडे कागदावर ठळक छापलेत. डॉक्टर म्हणतात, काही नाही, उद्या घरी न्या. जावईबापूंनी मोबाइलवर वाचून ‘इन्फेक्शन’ ठरवून टाकलंय. दुसरीकडे दाखवू का?
— एक आई, सांगली

उत्तर : ताई, दाखवायला हरकत नाही, पण आधी लेकीकडे बघा. ताप नाही, चहा-नाश्ता जातोय, बाळाला पाजतेय, हळूहळू चालतेय? मग तुमच्या डॉक्टरांचं मला पटतं.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. जंतू शिरले की ते वाढतं, तसंच नुसती सुरी लागली तरी वाढतं. सिझरमध्ये कातडीपासून गर्भाशयापर्यंत थरावर थर कापून शिवलेले असतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा आकडा चढलेलाच असतो. पुढे तो उतरायला हवा. कागदावरची ‘नॉर्मल’ मर्यादा धडधाकट माणसाची, ओल्या बाळंतिणीची नव्हे. पांढऱ्या पेशी तर गरोदरपणातच वाढतात, कळांमध्ये आणखी. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली असतील तर विचारूच नका. (ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी, मी बाळंतिणीला लिहूनच देत नाही. तो गरोदरपणापासूनच वाढलेला असतो, फुकट खर्च.)

तपासणी पुन्हा केलीच, तर त्याच लॅबमध्ये करा आणि एकक बघा. 92 मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजेच 9.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. लॅब बदलल्यावर ‘डॉक्टर, एकदम उतरला!’ म्हणत पेढे घेऊन आलेले नातेवाईक मी पाहिलेत. उतरलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर मात्र मी कारण शोधते. मग लघवीचं आणि गरजेप्रमाणे रक्ताचं कल्चर (जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी), कधी सोनोग्राफी.

आणि उलटही लक्षात ठेवा. 100.4 किंवा त्याहून जास्त ताप, थंडी वाजणं, धडधड, अंगावरून जातंय त्याला घाण वास, ओटीपोटात वाढत जाणारं दुखणं, टाक्यांभोवती लाली किंवा पू, लघवीला जळजळ, यातलं काही दिसलं तर रिपोर्ट कितीही चांगला असो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप, धाप आणि ग्लानी एकत्र दिसली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी. टाके बऱ्याचदा घरी गेल्यावरच चिघळतात, म्हणून घरी थर्मामीटर ठेवा आणि रोज आंघोळीनंतर टाके उजेडात बघा. तिला स्वतःला वाकून दिसत नाहीत, तुम्हालाच बघावे लागतील.