1972 ची वाटणी सिलिंगमध्ये धरली नाही, मग ती खोटी ठरते का?

तुमच्या आजोबांनी 1972 साली दोन मुलांत नोंदणीकृत वाटणी केली, सिलिंगच्या, म्हणजे शेतजमिनीच्या कमाल मर्यादेच्या, चौकशीत ती मान्य झाली नाही आणि तुमच्या वडिलांच्या वाट्यातले गट सरकारजमा झाले. आता चुलते म्हणतात, गेली ती तुमची, राहिली ती आमची. आमच्या घरात हाच वाद वीस वर्षं धुमसत होता, म्हणून लिहितोय.

आधी तारखा बघा. महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल मर्यादेचा कायदा 1961 चा, पण मर्यादा खाली आणणारी दुरुस्ती 2 ऑक्टोबर 1975 पासून लागू झाली. बारमाही बागायत 18 एकर, जिरायत 54 एकर. मर्यादा उतरणार ही कुणकुण गावोगाव होती, म्हणून कायद्यानेच मागची तारीख धरली. 26 सप्टेंबर 1970 नंतरची हस्तांतरणं (कलम 10) आणि वाटण्या (कलम 11) सिलिंग चुकवायलाच केल्या असं गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी जमीनवाल्याची. तुमची 1972 ची वाटणी बरोबर त्यात सापडली.

पण ती बाजूला ठेवली गेली ती सिलिंगच्या हिशोबापुरती. भावाभावांतला दस्त तेवढ्याने खोटा ठरत नाही.

मग जमीन नेमकी वडिलांचीच का गेली? मर्यादेत कोणती जमीन ठेवायची हे निवडायची मुभा धारकाला होती. म्हणजे तुमच्या घरात ती निवड कोणी आणि काय सांगून केली, हे बघायला हवं. ते सातबाऱ्यावर मिळणार नाही, चौकशीच्या संचिकेत मिळेल. आमची संचिका तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल रुमालात बांधलेली होती. आजोबांचा जबाब दीड पान, खाली अंगठा. त्यात लिहिलं होतं की विहिरीची जमीन थोरल्याकडे ठेवतो, धाकट्याचं जिरायत जातंय, म्हणून त्याला विहिरीचं निम्मं पाणी आणि दोन एकर देईन. थोरल्या काकांनी तो कागद तिथेच उभ्याने दोनदा वाचला. पुढच्या महिन्यात ते स्वतः वडिलांना घेऊन वकिलाकडे गेले. प्रत्येक घरी असा कागद निघेलच असं नाही, पण तो न बघता दावा लावणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

संचिकेत वडिलांचं वयही तपासा. सज्ञान मुलगा सिलिंगच्या 'कुटुंबात' येत नाही आणि जमीन वडिलोपार्जित असेल तर त्याचा हिस्सा वेगळा मोजायला हवा होता. आजोबांची स्वकष्टार्जित असेल तर मात्र हा मुद्दा चालत नाही.

सरकारविरुद्ध आता जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. सिलिंगच्या निर्णयात दिवाणी कोर्टाला अधिकार नाही, महसूल न्यायाधिकरणातल्या अपिलाची मुदत कधीच संपली. ती जमीन वाटप झाली असेल तर तिथे एखादं भूमिहीन कुटुंब दोन पिढ्या राबतंय, त्यांना यात ओढू नका. तुमचा प्रश्न चुलत्यांशी आहे, तो त्यांच्याशीच सोडवा.

प्रकरण क्रमांक जुन्या फेरफारावर बघा आणि माहिती अधिकारात पूर्ण संचिका मागा. मागताना जुने सर्व्हे नंबरही द्या. एकत्रीकरणात गट नंबर पडले असतील तर संचिका जुन्याच नंबरांची असू शकते, आणि आम्हाला 'आढळून येत नाही' असं उत्तर आलं ते एवढ्याच चुकीमुळे.