न्यूयॉर्कचे महापौर आणि 'बरो'

प्रश्न असा आला आहे: "झोहरान ममदानींना मराठी वर्तमानपत्रं 'न्यूयॉर्कचे महापौर' म्हणतात. आपल्याकडे महापौराच्या हाती फारसं काही नसतं, मग हा शब्द तिथे चालतो का? आणि ब्रुकलिन, क्वीन्स यांना 'उपनगर' म्हणावं का?"

'महापौर' चालतो. 'उपनगर' मात्र नको.

'पौर' म्हणजे पुरात राहणारा. महापौर म्हणजे नगरवासीयांतला थोरला. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेल्या या शब्दात अधिकार किती, याबद्दल अवाक्षर नाही. 'मेयर' ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचाही अर्थ 'अधिक मोठा' एवढाच, आणि तो शब्द नि आपला 'महा' हे मुळात एकाच कुळातले. इतकं नेमकं जुळलेलं भाषांतर टाकून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

घोटाळा होतो तो वाचताना, कारण आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचा महापौर उभा राहतो. त्याला नगरसेवक आपल्यातून निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी. तो सभा चालवतो. कारभार असतो आयुक्तांकडे आणि आयुक्तांना पाठवतं राज्य सरकार. न्यूयॉर्कच्या महापौराला मतदार थेट निवडतात, चार वर्षांसाठी. अंदाजपत्रक तो मांडतो, बहुतेक खात्यांचे प्रमुख तो नेमतो, पोलीस आयुक्तसुद्धा. सिटी कौन्सिलने केलेला कायदा तो नाकारू शकतो. मग कौन्सिलला दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर करावा लागतो. कौन्सिलच्या 51 सदस्यांना खुशाल 'नगरसेवक' म्हणा. ते आपल्यातून एक स्पीकर निवडतात. आपल्या महापौराच्या खुर्चीला जवळची खुर्ची खरं तर या स्पीकरची.

म्हणून 'महापौर'पेक्षा मला जास्त जपून वापरावासा वाटतो तो 'प्रशासन' हा शब्द. आपल्याकडे बातमी असते, 'पाणीप्रश्नावर महापौरांनी प्रशासनाला धारेवर धरले'. इथे प्रशासन म्हणजे आयुक्त आणि अधिकारी, लोकप्रतिनिधींच्या समोर बसलेले. न्यूयॉर्कच्या इंग्रजी बातमीतलं 'ॲडमिनिस्ट्रेशन' म्हणजे खुद्द महापौर आणि त्याने नेमलेली माणसं. त्याचं नुसतं 'प्रशासन' केलं की मराठी वाचक महापौराला चुकीच्या बाजूला बसवतो. अशा वेळी सरळ 'महापौरांनी निर्णय घेतला' असं लिहावं.

हे सगळ्या अमेरिकेला लागू नाही. डॅलस, फीनिक्स अशा शहरांत रोजचा कारभार सिटी मॅनेजर पाहतो. त्याला मी बेधडक 'आयुक्त' म्हणेन; फरक इतकाच की त्याला कौन्सिल नेमतं आणि कौन्सिलच काढू शकतं. तिथला महापौर आपल्या ओळखीचा वाटेल.

आता 'बरो', म्हणजे ब्रुकलिन, क्वीन्ससारखा न्यूयॉर्क शहराचा मोठा विभाग. मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स, स्टेटन आयलंड हे पाच बरो मिळून 1 जानेवारी 1898 रोजी आजचं न्यूयॉर्क झालं. ब्रुकलिन तोवर स्वतंत्र शहर होतं. मॅनहॅटन हाही बरोच, त्यामुळे 'उपनगर' म्हणणं म्हणजे फोर्ट-गिरगावला उपनगर म्हणण्यासारखं. 'प्रभाग' फार लहान. 'जिल्हा' सुचतो खरा, पण तो काउंटीसाठी राखून ठेवायला हवा, कारण प्रत्येक बरो ही एक काउंटीही आहे: ब्रुकलिन म्हणजे किंग्ज काउंटी, स्टेटन आयलंड म्हणजे रिचमंड काउंटी. मुंबईकराला हे परकं वाटू नये. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर असे दोन जिल्हे एकाच महापालिकेत आहेतच की.

मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला, अर्थ तटबंदीचं ठाणं. हॅम्बर्गमधला 'बर्ग' त्याचाच भाऊबंद. मराठीत तो 'बरो' असाच ठेवावा आणि त्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाला 'बरो अध्यक्ष' म्हणावं. या अध्यक्षांना पूर्वी शहराच्या खर्चात आणि जमिनीच्या निर्णयांत मत होतं. ते ज्या मंडळावर बसत त्याची मतपद्धत 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली, कारण लाखोंच्या ब्रुकलिनला आणि चिमुकल्या स्टेटन आयलंडला सारखंच एक मत होतं. आता त्यांचं काम मुख्यतः सल्ल्याचं, आणि 59 कम्युनिटी बोर्डांवर, म्हणजे वस्तीपातळीवरच्या सल्लागार मंडळांवर, बिनपगारी सदस्य नेमण्याचं.

'उपनगर' का सुचतं, तेही समजतं. ब्रुकलिन-क्वीन्सची माणसं मॅनहॅटनला निघाली की 'सिटीत जातोय' म्हणतात, स्वतः शहराच्या हद्दीत राहत असूनही. त्या वाक्याचं मराठी करायचं तर कोथरूडकराकडे ते तयार आहे. लक्ष्मी रोडला निघताना तो म्हणतो, "जरा गावात जाऊन येतो."