ठिबकची नळी दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकली

प्रश्न : भाऊ, संत्र्याच्या बागेत स्वस्तातली ठिबकची नळी टाकली, ती दुसऱ्याच उन्हाळ्यात तडकली. ऊन तर साऱ्यांच्याच वावरात पडते, मग माझीच का?
– एक शेतकरी, वरुड तालुका

उत्तर : दादा, दोष बहुधा मालाचा. मी एक्स्ट्रूडर, म्हणजे नळी बनवायचं यंत्र, चालवलाय. पॉलिथिनचे दाणे हॉपरमधून (वरच्या नरसाळ्यातून) तापलेल्या बॅरलमध्ये (नळकांड्यात) पडतात, स्क्रू त्यांना वितळवत पुढे रेटतो, डायमधून (साच्यातून) नळी निघते अन् पाण्यात थंड होते. त्यात सुमारे अडीच टक्के कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी भुकटी) एकसारखा मिसळलेला हवाच. अतिनील किरणांपासून तोच नळीला वाचवतो. भंगार पुन्हापुन्हा वितळवलं की प्लास्टिकच्या साखळ्या तुटतात, नळी ठिसूळ होते. वरून तीही काळीच दिसते! पुढच्या खरेदीत नळीवर आयएस १२७८६ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला पाहा अन् पक्कं बिल घ्या.