भाषा वेगळी, संसार एक

प्रश्न : आम्हा दोघांची भाषा वेगळी. फोनवरच्या भाषांतरावर बोलतो, पण सारखे गैरसमज होतात. काय चुकतं?

उत्तर : बहुधा कर्ता गळतो. ‘घरी विचारलं, नको म्हणाले’ यात कोणी विचारलं, कोण म्हणालं हे यंत्र अंदाजाने ठरवतं. ‘मी आईला विचारलं. आई नको म्हणाली.’ असं तोडून लिहा. ‘जीव लावणं’, ‘डोकं खाणं’ असले वाक्प्रचार टाळाच. पाठवण्याआधी भाषांतर उलटं मराठीत करून वाचा. अर्थ हलला तर वाक्य बदला. मानेवरही विसंबू नका, बल्गेरियात आडवी मान म्हणजे होकार! रागातलं बोलणं मात्र फोन बाजूला ठेवून, समोर बसून, सावकाश. त्यासाठी ‘थांब’, ‘दुखलं’, ‘पुन्हा सांग’ हे शब्द एकमेकांच्या भाषेत आधी शिका.