ओल्ड स्कूल रूनस्केप पहिल्यांदा खेळताना कसं वाटतं? वेळ घालवण्याजोगा आहे का?

तुम्ही लिहिलंय की आजवर मोबाइलवर फक्त गोळीबाराचे खेळ खेळलात, एका मित्राने ओल्ड स्कूल रूनस्केप हा अनेकांनी मिळून ऑनलाइन खेळायचा खेळ सुचवला, पण ग्राफिक्स बघूनच मन मागे सरतंय. मी हा खेळ बऱ्याच काळापासून खेळतोय आणि अनेकांना तो लावूनही दिलाय. माझं म्हणणं एकच आहे: दिसण्यावरून ठरवू नका, खेळातल्या लंब्रिज या पहिल्या गावाची पीठगिरणी चालवून मग ठरवा.

दिसण्याचं कारण आधी सांगतो, कारण ते मुद्दाम तसं ठेवलंय. मूळ रूनस्केप २००१ मध्ये इंग्लंडमधल्या गोवर भावांनी आणला, पुढे केंब्रिजची जॅगेक्स कंपनी तो चालवू लागली. २०१२ च्या अखेरीस लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि जुने खेळाडू बिथरले. कंपनीकडे ऑगस्ट २००७ मधली खेळाची प्रत जपलेली होती. ती पुन्हा सुरू करावी का, यावर मतदान झालं, लाखो लोकांनी हो म्हटलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तीच प्रत ओल्ड स्कूल म्हणून उघडली. तेव्हापासून नवे प्रदेश, नवे राक्षस येत राहिलेत, पण मोठ्या गोष्टी आधी खेळाडूंच्या मतदानाला टाकल्या जातात आणि ७० टक्के होकार लागतो. म्हणजे ते टोकदार चेहरे लोकांनी मागून घेतलेत.

सुरुवात एका बेटावर होते. कोळंबी पकडा, शिजवा, तांबं-कथील खणून वितळवा, खंजीर ठोका, उंदीर मारा. हा भाग थोडा शाळेसारखा वाटतो, तो उरका. खरा खेळ त्यानंतर लंब्रिजला उतरल्यावर.

तिथल्या किल्ल्यातला आचारी हवालदिल असतो. सरदाराचा वाढदिवस आहे आणि केकला अंडं, दूध, पीठ नाही. अंडं कोंबड्यांच्या खुराड्यात मिळतं, दुधासाठी बादली घेऊन गाय गाठायची. पिठाची गंमत वेगळी. शेतातून गहू तोडायचा, गिरणीच्या शिड्या चढून सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं, गहू गिरणीच्या तोंडात टाकायचा, दांडा ओढायचा, मग खाली उतरून रिकाम्या भांड्यात पीठ भरायचं. भांडं आणायला विसरलात तर परत जा. नकाशावर चमकणारी रेघ नाही. काय कुठे मिळेल ते आचाऱ्यालाच विचारायचं. पीठ हातात आलं की कळतं, या जगात वस्तू नुसत्या बक्षीस म्हणून पडत नाहीत, त्या कुठून तरी तयार होतात. आणि काम झालं की तुम्हाला किल्ल्यातली चूल वापरायची मुभा मिळते. मला हे बक्षीस फार आवडतं. एवढंसं आहे, पण त्या गावात आता तुमची ओळख आहे.

पहिल्या दिवसांत दुसरी गोष्ट जाणवते ती माणसांची. एकाच झाडावर तिघे कुऱ्हाड चालवतायत, कोणी गप्पा मारतोय, कोणी नुसतं लाकूड तोडतोय. उत्तरेला व्हॅरॉक शहराच्या बाजारात, म्हणजे ग्रँड एक्स्चेंजवर, ही गर्दी खऱ्या अर्थाने दिसते. तिथे जाताना शहराच्या दक्षिणेला दगडांच्या वर्तुळात काळे जादूगार उभे असतात, कमी लेव्हलवर त्यांच्यापासून लांबूनच जा. बाजारात कोणी म्हणालं, ‘पैसे दे, दुप्पट करून देतो’ किंवा ‘चिलखताला फुकट सोनेरी काठ लावून देतो’, तर सरळ पुढे चला. हे डाव खेळाइतकेच जुने आहेत. कोणी व्हॅरॉकच्या उत्तरेचा खंदक ओलांडायला बोलावलं तरी जाऊ नका. पलीकडच्या वाइल्डरनेसमध्ये दुसरे खेळाडू तुम्हाला मारून सामान नेऊ शकतात.

वेळेबद्दल स्पष्ट सांगतो. हा खेळ संथ आहे. एखादं कौशल्य ९९ व्या लेव्हलला न्यायला १,३०,३४,४३१ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात आणि ९२ व्या लेव्हलला तुम्ही जेमतेम अर्ध्यावर असता. तुम्हाला दहा मिनिटांत निकाल लावायची सवय असेल तर हे जड जाईल. उलट, काम झाल्यावर जेवता जेवता मासे पकडायचे, रविवारी एखादी क्वेस्ट, म्हणजे आचाऱ्याच्या केकसारखी कामगिरी, निवांत करायची, अशी वृत्ती असेल तर यासारखा खेळ नाही. आकडे गाठायच्या नादात पहिल्याच आठवड्यात यूट्यूबवरचे ‘सगळ्यात जलद मार्ग’ बघू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आजूबाजूला कोणत्या दारामागे काय आहे हे शोधण्यातली मजा एकदाच मिळते, ती दुसऱ्याने शोधलेल्या यादीवर खर्च करू नका.

आपल्याकडच्या इंटरनेटची काळजी असेल तर तीही फार नको. खेळ ०.६ सेकंदांच्या ठोक्यावर चालतो, प्रत्येक कृती त्या ठोक्याला बांधलेली असते, त्यामुळे थोडा लॅग, म्हणजे नेटमुळे होणारा उशीर, नेमबाजीच्या खेळात जसा जीव घेतो तसा इथे घेत नाही. २०१८ पासून मोबाइलवरही आहे, तेच खातं फोनवर आणि संगणकावर चालतं. पैसे लगेच भरू नका. फुकटातही लंब्रिज, व्हॅरॉक, फालाडोर आणि वाळवंटाच्या तोंडाशी असलेलं अल खरीद फिरता येतं, क्वेस्टही पुरेशा आहेत. त्या संपल्यावरही उघडावासा वाटला, तर पैसे भरून घ्यायच्या मेंबरशिपचा विचार करा.