डबल मार्कर करण्याआधी

बाळाला डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता पाहणारी चाचणी, म्हणजे डबल मार्कर (आईची रक्तचाचणी) आणि एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी), गरोदरपणाच्या साधारण ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान होते. त्यामुळे ती करायची की नाही, याचा विचार तुम्ही दोघांनी सासर-माहेरचे सल्ले सुरू होण्यापूर्वीच करून ठेवावा. या चाचणीतून निदान होत नाही, केवळ शक्यता कळते. माझ्या अहवालावर ‘१:१८०’ हा आकडा लाल अक्षरांत पाहून मी रात्रभर रडले. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच होता की, असाच आकडा आलेल्या १८० जणींपैकी साधारण १७९ जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम नसतो. खात्रीसाठी पुढे गर्भजल तपासणी असते, पण तिच्यात गर्भपाताचा थोडा धोका असल्यामुळे, निकाल काहीही आला तरी निर्णय बदलणार नसेल, तर तिला नकार देणेही रास्तच आहे. थॅलेसेमियाची (आई-वडिलांकडून बाळाकडे येणाऱ्या रक्ताच्या आजाराची) रक्तचाचणी मात्र टाळू नये.